बसक्या आवाजाचा हॉर्न

अर्ध्या वाटेवर सुचिताताईनं चपला काढून पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "आता बरं वाटून राहिलं." डांबर अजून गारच होतं. दिवाळी होऊन गेली होती, शनिवारची सकाळ होती, आणि आम्ही दोघी सौंसरहून जामसांवलीच्या मारुतीला पायी निघालो होतो. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाच्या गाड्यांमधून उडालेला कापूस अडकला होता. मधूनच संत्र्याचे क्रेट भरलेली एखादी गाडी पुढे निघून जायची आणि तिचा वास मागे रेंगाळायचा.

पायी जाण्यात नवल काही नाही. शनिवारी कितीतरी लोक जातात. पण सुचिताताईच्या अंगणात गाडी आहे आणि ती स्वतः चालवते. दर शनिवारी मला शेजारच्या सीटवर बसवून तीच जामसांवलीला नेते. त्या दिवशी मी तयार होऊन तिच्याकडे गेले, तर गाडीवर जुनी चादर टाकलेली आणि ही फाटकात पिशवी घेऊन उभी.

"पायी जाऊ," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, नवस बोलली असेल. नवसाचं विचारू नये असं आमच्या आईनं शिकवलेलं, म्हणून मी गप्प चालत राहिले. इतक्यात मागून एका कारनं हॉर्न दिला. एकदम खणखणीत. मी कडेला झाले. सुचिताताई झाली नाही. रस्त्यातच उभी राहिली. कारवाल्यानं पुन्हा वाजवला, मग काच खाली करून म्हणाला, "काय वो काकू, ऐकू नाही येत काय?"

"येते ना बापा," सुचिताताई म्हणाली. "चांगला ऐकू येते."

तो पुटपुटत निघून गेला. मी तिला दंडाला धरून कडेला आणलं. "ताई, झालं तरी काय?"

"आपल्या गाडीचा आवाज आता असाच झाला वो इंदू. अस्साच. कोणाच्याही गाडीचा असते तसा."

"मंग?"

"मंग काय. ह्यायचा होता तो आवाज. गेला."

मला लगेच समजलं. आमच्या गल्लीतल्या कोणालाही समजलं असतं. पण ज्यांना सुचिताताई माहीत नाही, त्यांच्यासाठी आधीपासून सांगायला पाहिजे.

सुचिताताईचं माहेर मोहगावचं. लग्न होऊन सौंसरला आली ती आमच्या घराला भिंत लागून असलेल्या घरात. तिचे मालक मुकुंदराव संत्र्याचे व्यापारी. म्हणजे बाजारात गादीवर बसणारे नव्हेत. झाडावर फळ असताना बगीचा पाहायचा, शेतकऱ्याशी बोलून बहार, म्हणजे त्या हंगामाचं सगळं फळ, विकत घ्यायचा आणि तोड होईपर्यंत त्या बगीच्याची घरच्यासारखी काळजी वाहायची, असा त्यांचा धंदा. दिवसभर मोहगाव, पांढुर्णा, वाटेवरची खेडी. आधी मोटारसायकल होती. पाठ धरली म्हणून पुढे कार घेतली. लहानशीच, राखाडी रंगाची. चेतन, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा शिकायला पुण्याला गेलेला होता. तो तिकडेच नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला.

नवी गाडी आली की आमच्याकडे ती आधी जामसांवलीला जाते. नारळ फोडायचा, बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं. सगळे हेच करतात. मुकुंदरावांनी मात्र शोरूमच्या माणसाला आधीच विचारून ठेवलं होतं की हॉर्न कुठं असतो. तो समोरच्या जाळीच्या मागे असतो. मुकुंदराव गाडीपुढे गुडघ्यावर बसले, तेलात कालवलेल्या शेंदराचा चांगला गोळा बोटावर घेतला, जाळीतून हात घातला आणि हॉर्नला लावला.

"हे काय वो नवीन?" सुचिताताईनं विचारलं.

"गाडीचं तोंड हेच," मुकुंदराव म्हणाले. "देवाचं नाव कपाळानं घेते का कोणी? तोंडानंच घेते ना!"

आणि गाडी वळवताना त्यांनी हॉर्न वाजवला, तर शेंदूर आत जाऊन बसलेला. आवाज निघाला तो सर्दी झालेल्या माणसानं "हां हां, आलो" म्हणावं तसा. मंदिराबाहेरचे नारळवाले हसले. सुचिताताईनं कपाळाला हात लावला. मुकुंदराव स्वतःच सगळ्यात जास्त हसले. "असू दे," म्हणाले. "मारुतीरायानं दिलेला आवाज हाय. आता हाच ठेवू."

तो हॉर्न मग तसाच राहिला. गल्लीतली पोरं त्याला मुकुंदभाऊचा खोकला म्हणायची. माझे मालक ओट्यावरून ओरडायचे, "मुकुंदराव, गाडीले काढा पाजा एखाद दिवशी!" ते म्हणायचे, "पाजला होता, उलटी केली तिनं." सर्व्हिसिंगला गाडी गेली की दरवेळी तिथला माणूस सांगायचा, साहेब, हॉर्न खराब आहे, बदलून टाकू. आणि दरवेळी मुकुंदराव सांगायचे, "बाकी जे घासलं असन ते बदला. याले हात लावू नका."

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर गाडी वळली की ते तो बसका हॉर्न वाजवत. दोनदा. रस्त्यात कोणी असो नसो. तो आवाज सुचिताताईसाठी होता. ती आत तवा गॅसवर ठेवायची. गाडी लागून, पाय धुऊन मुकुंदराव पाटावर बसेपर्यंत पहिली पोळी फुगलेली असायची. मी माझ्या स्वयंपाकघरातून दोन्ही ऐकायची, आधी हॉर्न आणि मग भिंतीपलीकडे तव्याचा आवाज. त्यांच्यात गोड बोलणं मी फार ऐकलं नाही. आमच्या वयाच्या लोकांत ते नसतं. होतं ते एवढंच.

एका दुपारी बगीच्यातच त्यांच्या छातीत दुखलं. त्यांचे भागीदार दिलीपभाऊ यांनी दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळी गाडी दिलीपभाऊंनी घरी आणून लावली. हॉर्न न वाजवता आणली. सुचिताताई नंतर मला म्हणाली, "गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला ना इंदू, अन् आधी हॉर्न नाही, तेव्हाच मी समजली. मले कोणी सांगायची गरज पडली नाही."

त्यानंतर गाडी नुसती उभी. चेतन म्हणाला, आई, विकून टाकू, उभी राहून सडेल. त्याचं खोटं नव्हतं. बॅटरी बसली होती, एका चाकातली हवा गेली होती. सुचिताताई नाही म्हणाली. मग काय करशील, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "चालवीन." आम्हाला वाटलं रागात बोलली. पण खरंच शिकायला लागली. ज्या बाईनं कधी सायकल धरली नाही, ती पन्नाशी ओलांडल्यावर डोक्यावरचा पदर खोचून क्लच-ब्रेक शिकली. सुरुवातीला आमच्या फाटकाचा एक खांब पाडला. माझे मालक म्हणाले, "ताई, खांब जुना झालाच होता, बरं झालं." तिनं दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाठवला.

हळूहळू हात बसला. मोहगावला भावाकडे जाऊ लागली, शनिवारी जामसांवली, कधी पांढुर्ण्याचा बाजार. आणि कोपऱ्यावर वळली की दोनदा तो बसका हॉर्न. दुकानदार आतूनच म्हणायचा, "आली वो ताई."

आता सर्व्हिसिंगचं. पांढुर्ण्याच्या रस्त्यावर गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. सुचिताताई गाडी तिथंच देते. या वेळी दिली तेव्हा तिनं काही सांगितलं नाही. इतकी वर्षं मुकुंदरावच सांगत आले होते, आणि तिला वाटलं, हे आता तिथं लिहूनच ठेवलं असेल. पण तिथली माणसं बदलली होती. शिवाय आता तिथली रीतही नवी आहे. काय काय बदलायचं ते मोबाइलवर पाठवतात आणि आपण हो म्हणायचं. आणि मोबाइल कोणाचा? आमच्याकडे बायकांच्या गॅसच्या कार्डावर पोराचा नंबर, बँकेत पोराचा नंबर, दवाखान्यातही पोराचाच. गाडीच्या कागदावर चेतनचा होता. त्याला पुण्यात ऑफिसमध्ये मेसेज आला. ब्रेकचे पॅड, एअर फिल्टर, वायपर, हॉर्न. त्यानं सगळ्याला हो म्हटलं. आईची गाडी आहे, काही कमी नको, असाच त्याचा विचार. चांगल्या मनानंच केलं त्यानं.

गाडी धुऊनपुसून परत आली. सुचिताताई कोपऱ्यावर वळली, हॉर्न वाजवला आणि तिथंच ब्रेक मारला. दुकानदार बाहेर येऊन पाहायला लागला की ही कोणाची गाडी.

तिनं चेतनला फोन केला. तो म्हणाला, "आई, हॉर्नच तर होता. नवीन चांगला आहे ना?"

"हो बेटा, चांगला हाय," ती म्हणाली आणि जेवलास का विचारून फोन ठेवला.

"त्याले काय सांगू?" त्या शनिवारी चालता चालता ती मला म्हणाली. "गाडी आली तेव्हा तो घरी नव्हताच. सुट्टीले येई तेव्हा गाडीत बसून फिरे. घरात बसून ऐकला कुठं त्यानं तो आवाज? जे ऐकलंच नाही ते गेलं, असं कसं सांगाव?"

जामसांवलीचं शिखर दिसायला लागलं होतं. तिथं मारुती आडवा आहे, निजलेला. गर्दी भरपूर होती. कोणी आजारी माणसाला धरून आणलेलं, कोणी तान्हं बाळ पायाशी ठेवत होतं. आम्ही रांगेतून दर्शन घेतलं, तीर्थ घेतलं आणि बाहेर येऊन पिंपळाच्या पारावर टेकलो.

"मागितलं का?" मी विचारलं.

"काय मागू? लोकं इथं जीव मागून राहिले. मी निजलेल्या देवाले उठवून हॉर्न मागू? हसन ना तो."

ती हसली, पण डोळे पुसूनच. खरं सांगायचं तर तिच्या वतीनं मी मागून घेतलं होतं. माझं म्हणणं असं की देवाला लहान-मोठं आपण ठरवू नये. ज्याला जे पाहिजे ते त्यानं सांगावं, पुढचं तो पाहील.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "ताई, जुने पार्ट ते लोक फेकून देतात का ठेवतात?"

"कोणाले माहीत."

"विचारून तर पाहू."

"कंपनीच्या लोकायले जाऊन म्हणू का, माझा बिघडलेला हॉर्न वापस द्या म्हणून? येडी म्हणतीन."

"म्हणू दे. दोघी येड्या जाऊ."

सोमवारी तिनं गाडीवरची चादर काढली. पांढुर्ण्याच्या रस्त्यानं आम्ही निघालो आणि थोड्याच वेळात मला घाम फुटला, कारण ही बाई हॉर्न वाजवेचना. नवा हॉर्न दाबायचाच नाही असं तिनं मनाशी ठरवलेलं. पुढे शेळ्यांचा कळप आला. तिनं काच खाली केली, मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडली, "बाजूले व्हा वो माय! बाजूले व्हा!" शेळ्या कशाला ऐकतात? शेळ्यांमागची म्हातारी म्हणाली, "बाई, भोंगा नाही का गाडीले?" पुढे एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, भर रस्त्यातून. मी माझ्या बाजूनं हात लांबवून स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबला. ट्रॅक्टर बाजूला झाला. सुचिताताई माझ्याकडे पाहिनाच. मी म्हटलं, "ताई, मले घरी नातू हाय."

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर शिवानी नावाची मुलगी होती. पांढुर्ण्याचीच, हातात टॅब, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. सुचिताताई हळू आवाजात म्हणाली, "बेटा, आमचा हॉर्न बदलला तुम्ही. तो जुना पाहिजे होता."

शिवानीनं टॅबवर पाहिलं. "काकू, जुने पार्ट आम्ही डिक्कीत ठेवून देतो, कोणी नको म्हटलं तरच ठेवत नाही. तुमच्या नंबरवरून नको असं आलं होतं."

"तो पोराचा नंबर हाय."

"पण काकू, तो हॉर्न खराबच होता. आवाज फाटलेला होता."

"फाटलेला नव्हता वो. बसका होता."

शिवानी हसली नाही, हे मला आवडलं. तिनं आम्हाला बसवलं, पाणी आणवलं आणि विचारलं की झालं काय. सुचिताताईनं मुकुंदरावांचं सांगितलं. शेंदराचं सांगितलं. कोपऱ्यावरचं सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू, मी खरं सांगू? तुम्ही रागावू नका. तेल आणि फिल्टर आम्ही किलोमीटर पाहून बदलतो. ब्रेकचे पॅड घासले की बदलतो. तुमचे तर पार पत्र्याला आले होते, ते मी कोणालाही न विचारता बदलले असते, तशी गाडी बाहेर जाऊच दिली नसती. वायपरचं रबर चिरलं की बदलायचं. आणि हॉर्न वाजत असला तरी समोरच्याला तो हॉर्न आहे हे कळलं नाही, तर बदलायला पाहिजे."

"सगळ्यायले कळत होता. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यायलेही कळे."

"गल्लीत कळते काकू. हायवेवरच्या ट्रकवाल्याला मुकुंदकाकांचा आवाज कुठून ओळखू येईल? हॉर्न आपल्यासाठी नसतो ना. दुसऱ्यासाठी असतो."

मला शेळ्या आठवल्या. मुलगी चुकीचं बोलत नव्हती. पण मीही माझं बोलले. मी म्हटलं, "बेटा, तुझं बरोबर हाय. ब्रेक घासला तर विचारू नका, बदला. पण जे बिघडूनही कोणाच्या कामाचं असते, ते काढायच्या आधी गाडी जे चालवते त्याले विचारा. ज्याचा नंबर हाय त्याले नाही."

"हो काकू," शिवानी म्हणाली. "ते आमचं चुकलं. गाडी देताना तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं." आणि तिनं आतल्या मेकॅनिकला आवाज दिला. "तुषारदादा, मागचे जुने हॉर्न भंगारात गेले का?"

तुषार हात पुसत बाहेर आला. चाळिशीचा, कपाळावर कुंकवाचा टिळा. "कोणता? राखाडी गाडीचा? तो नाही गेला."

"काहून?" सुचिताताईनं विचारलं.

"काकू, त्याले शेंदूर होता लागलेला," तो म्हणाला. "आतपर्यंत. मारुतीचा शेंदूर लागलेली वस्तू भंगारात कशी टाकू? पाय लागते लोकायचे. तिथं ठेवला मी."

त्यानं बोट दाखवलं. वर्कशॉपच्या भिंतीवर मारुतीचा फोटो होता. त्याखाली फळीवर उदबत्तीचं घर, एक वाळलेला हार आणि शेजारी तो हॉर्न. काळा, वाटीएवढा, तोंडाशी नारिंगी झालेला. त्यावरही कोणीतरी फूल वाहिलेलं होतं. सुचिताताईनं दोन्ही हातांनी उचलला. मी मनातल्या मनात जामसांवलीकडे हात जोडले.

"साफ करून लावू का?" तुषारनं विचारलं. "शेंदूर काढला की आवाज मोकळा होईन, एकदम नव्यासारखा."

"नको नको नको!" सुचिताताई अशी ओरडली की वर्कशॉपमधली माणसं वळून पाहायला लागली. मग स्वतःच लाजली. "तसाच लावा बापा. जसा होता तसा."

शिवानी आणि तुषारनं आपसात बोलून मार्ग काढला. नवा हॉर्न स्टिअरिंगवर राहील. रस्त्यावर तोच वाजवायचा, हे शिवानीनं तिच्याकडून कबूल करून घेतलं. जुना वेगळ्या तारेनं जोडायचा आणि त्याचं लहानसं बटण खाली, डाव्या हाताला. "आणि काकू, नंबर बदलून घेऊ का?" तिनं विचारलं. सुचिताताईला तिचा स्वतःचा नंबर पाठ नव्हता. मी सांगितला.

गाडी आत गेली. आम्ही पुढच्या खोलीत बसलो. चहा आला. सुचिताताई मोकळी झाली होती, बोलत होती. मोहगावच्या भावाच्या सुनेला दिवस गेलेत, तिला काय काय पाठवायचं, असं काहीतरी सांगत होती. गाडी भिंतीच्या पलीकडे होती. दिसत नव्हती.

आणि तिकडून तुषारनं हॉर्न वाजवून पाहिला. दोनदा.

सुचिताताई उठली. बोलता बोलता मध्येच शब्द टाकून उठली. चहाचा कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि आतल्या दाराकडे वळली, घाईनं, जसं काही राहून गेलंय. दोन पावलं गेली आणि थांबली. समोर काचेचं दार होतं, त्यावर कंपनीचं स्टिकर. ती त्या दाराकडे पाहत उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शिवानीनं टॅबमध्ये मान घातली आणि वर पाहिलं नाही.

परत येताना रस्त्यावर तिनं नवाच हॉर्न वाजवला, नीट, जिथं पाहिजे तिथं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना डाव्या हाताचं बटण दाबलं. तोच आवाज. दुकानदार आतून म्हणाला, "आली वो ताई!" मी टाळी वाजवली. सुचिताताईनं गाडी लावली, चावी काढली आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं आता? मिळाला ना?"

"मिळाला," ती म्हणाली. "तोच हाय."

त्यानंतर बरेच दिवस मी पाहत होते. ती गाडी घेऊन जायची, यायची, कोपऱ्यावर वाजवायची. पण आधीसारखी खूश दिसत नव्हती. एकदा तर मी ओट्यावर भाजी निवडत बसले होते, ही आली, हॉर्न दिला, गाडी लावली आणि पुन्हा मागे घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली, पुन्हा वाजवला. आणि मान खिडकीबाहेर काढून ऐकत राहिली. मला वाटलं, तुषारनं जोडण्यात काही फरक केला असेल.

काल दुपारी ती माझ्याकडे आली. मी लोणच्याची लिंबं पुसत होते. तीही फडकं घेऊन बसली. दोन-तीन लिंबं पुसून म्हणाली, "इंदू, एक गोष्ट सांगू? हसू नको."

"सांग ना."

"गाडीत बसून तो आवाज येतच नाही वो. म्हणजे येते. पण तो पुढून येते. माझ्याच हातानं वाजते अन् माझ्यापासून दूर जाते. ह्यायचा आवाज दुरून येऊन राहायचा. माझ्याकडे. इतके दिवस मी गाडी चालवून राहिली अन् मले समजलंच नाही. त्या दिवशी तिथं भिंतीमागून आला, तेव्हा समजलं."

मी फडकं खाली ठेवलं.

"तुषार वाजवत होता हे मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी काही येडी नाही. पण पाय उठले ना इंदू. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा उठले."

"मंग दिलीपभाऊले सांगू? त्याईले चालवता येते."

"नाही. दिलीपभाऊनं आणली होती गाडी त्या दिवशी. त्याईच्या हातची नको." ती लिंबू हातात फिरवत राहिली. "चेतनले सांगू शकत नाही. तो येईन, वाजवीन, अन् मंग मलेच पाहून रडन. तू शिक."

"मी? अवं ताई, मले स्कूटीवर मागं बसायची भीती वाटते! तुझ्या गाडीत मी डोळे मिटून बसते, माहीत हाय ना?"

"मी शिकवते ना तुले. मले कुठं येत होतं? तुमचा खांबच पाडला होता मी."

"अन् मी तुझं घर पाडलं तर?"

"पाड. नवीन बांधू." ती हसली आणि मग हसू ओसरलं. माझा हात लिंबाच्या रसानं ओला होता, तो तिनं तसाच धरला. "शिक, इंदू. कोपऱ्यावरून घरापर्यंत आणता आली तरी बस. अन् जेव्हा वाजवशीन ना, त्या दिवशी मले आधी सांगू नको."